जुन्या शॉटगनच्या नळीवरील नक्षी: दमास्कस की लॅमिनेटेड पोलाद?

रेघोटी (धागाकर्ता)

माझ्यासमोर सध्या १२ बोअरची, बाहेर घोडे (म्हणजे चाप नव्हे, आघात करणारे हॅमर) असलेली एक जुनी दोननळी शॉटगन आहे. दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या पट्टीवर, म्हणजे रिबवर, ‘फाइन लॅमिनेटेड स्टील’ अशी अक्षरे कोरलेली आहेत. ती ज्या यादीतून आली त्या यादीत मात्र तिचे वर्णन ‘दमास्कस नळ्या’ असे केले आहे. दोन्ही वर्णने एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत असे मला वाटते, आणि म्हणूनच हा धागा काढत आहे.

नळ्यांवरचा मूळ तपकिरी रंग बराचसा उडाला आहे, पण तिरपा प्रकाश टाकला की बारीक कुरळ्या वेटोळ्यांच्या ओळी दिसतात. या ओळी नळीच्या लांबीच्या दिशेने जात नाहीत, तर किंचित तिरप्या होऊन नळीला वेढा घालतात. नळ्यांच्या मागच्या टोकाखाली, सपाट भागावर, एका लंबगोलात ई, एल, जी ही तीन अक्षरे आहेत. लंबगोलावर मुकुट नाही. शेजारी स्तंभासारखी एक बारीक खूण आहे आणि एका सुट्या अक्षरावर छोटा मुकुट आहे.

नुसत्या नक्षीकडे पाहून दमास्कस आणि लॅमिनेटेड यांतला फरक खात्रीने सांगता येतो का? येत असेल तर नेमके कुठे पाहावे?

ऐरणघाव

सांगता येतो, पण त्यासाठी नळी कशी घडवत हे डोळ्यांसमोर असावे लागते. ही नक्षी वरून काढलेली नसते. ती धातूच्या रचनेचाच उघडा पडलेला छेद असतो.

घडीव लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या आळीपाळीने एकमेकींवर रचून त्यांचा गठ्ठा करत, तो भट्टीत पांढरा होईपर्यंत तापवून घणाखाली एकजीव करत आणि त्या ठोकळ्यापासून बारीक चौकोनी सळई ओढत. ही सळई पुन्हा तापवून, एक टोक पक्के धरून दुसरे फिरवले की तिला पीळ पडतो. अशा दोन, तीन, चार, क्वचित सहा पिळदार सळया शेजारी शेजारी ठेवून जोडल्या की एक पट्टी तयार होते. ती पट्टी दांड्याभोवती गुंडाळायची, गुंडाळीच्या कडा वितळण्याच्या बेतापर्यंत तापवून ठोकून एकमेकींत मिसळवायच्या, मग आतून बोअर करायचा आणि बाहेरून घासून आकार द्यायचा. बेल्जियममध्ये लिएजजवळचे वेस्द्र नदीचे खोरे, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम आणि फ्रान्समध्ये सेंत-एतिएन ही या कामाची मोठी ठिकाणे होती. वेस्द्रच्या खोऱ्यातली नेसोंवोसारखी गावे तर नळ्यांच्या घडाईवरच उभी होती.

आता मुख्य मुद्दा. पीळ दिलेली सळई बाहेरून पाहिली तर सुंभाच्या दोरासारख्या तिरप्या रेघा दिसतात. तीच सळई निम्म्यापर्यंत घासून आतला भाग उघडा केला, तर त्या रेघा राहत नाहीत. त्यांच्या जागी अर्धवर्तुळे, वेटोळी किंवा चांदण्यांसारख्या आकृत्या येतात, कारण घासणारा हात आता थरांच्या मध्यापर्यंत पोहोचलेला असतो. आपण ज्याला दमास्कसची वेटोळी म्हणतो ती हीच. त्यामुळे एकाच नळीवर, जिथे घासणी कमी झाली आहे तिथे तिरप्या रेघा आणि जिथे जास्त झाली आहे तिथे वेटोळी, असेही दिसू शकते. त्यावरून नळी दोन प्रकारच्या धातूंची आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

थरांची पट्टी पीळ न देता तशीच दांड्याभोवती गुंडाळली असेल, तर नळीवर वेटोळी येत नाहीत, नुसत्या समांतर रेघा वेढे घेत जातात. तिला साधी ट्विस्ट नळी म्हणतात. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये घोड्यांच्या नालांच्या जुन्या खिळ्यांचे लोखंड वितळण्याच्या बेतापर्यंत तापवून, ठोकून, त्याच्या पट्ट्या काढून केलेल्या ‘स्टब ट्विस्ट’ नळ्यांना मोठा मान होता. त्यांची वीण तुटक, आखूड आणि ठिपक्याठिपक्यांची दिसते.

भिंगवाला

वरच्या विवेचनाशी सहमत. मी फक्त पाहण्याची पद्धत सांगतो.

नळीवर हलके तेल फिरवा, दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि दिवा एका बाजूने, अगदी खालच्या कोनातून धरा. कागदाची एक अरुंद पट्टी नळीच्या लांबीला समांतर ठेवून तिच्या कडेने एकेक ओळ मोजत चला. प्रत्येक ओळ म्हणजे एक सळई. शेजारशेजारच्या सळयांना बहुधा विरुद्ध दिशांनी पीळ दिलेला असतो, म्हणून एका ओळीतली वेटोळी उजवीकडे कललेली आणि पुढच्या ओळीतली डावीकडे कललेली दिसतात.

धातूच्या पट्टीचा सांधा सापडला की सळयांची संख्या सापडते, आणि सांधा शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. पट्टीत तीन सळया असतील तर त्यांचा क्रम उजवा, डावा, उजवा असा असतो. पुढचा वेढाही उजव्यानेच सुरू होतो, त्यामुळे सांध्यापाशी दोन उजव्या सळया एकमेकींना चिकटून येतात आणि तेवढ्या जागी आळीपाळीचा ताल मोडतो. ती मोडलेली जागा एकदा डोळ्यांत बसली की दर वेढ्याला ती पुन्हा भेटते. चार सळया असतील तर ही सोय नसते, कारण उजवा-डावा क्रम सांध्यावरही अखंड राहतो. तिथे प्रत्यक्ष जोडाची बारीक रेघच शोधावी लागते.

आपल्या नळीवर हे करून पाहा, आणि पुढचा लाकडी दस्ता उतरवून त्याखालचा भागही पाहा.

रेघोटी

पाहिले. मागच्या टोकाकडून सुरुवात केली. दस्त्याखाली रंग जवळजवळ शाबूत आहे आणि तिथे नक्षी फारच स्वच्छ दिसते. पहिल्या ओळीतली वेटोळी उजवीकडे झुकलेली, दुसरीतली डावीकडे, तिसरीतली पुन्हा उजवीकडे. त्यानंतर केसाएवढी एक फिकट रेघ, आणि तिच्या पलीकडची ओळ पुन्हा उजवीकडे झुकलेली. ही जोडी दर तीन ओळींनी येते. नळीच्या तोंडाकडे ओळी अरुंद होत जातात आणि तिथली वेटोळीही लहान आहेत. साधारण मध्याच्या पुढे एका ठिकाणी नक्षीची लय एकदम बदलल्यासारखी वाटते, तिथे काही दुरुस्ती झाली असेल का?

भिंगवाला

दुरुस्ती नसावी. मागच्या टोकाला स्फोटाचा दाब सर्वाधिक असतो, म्हणून तिथे जाड आणि रुंद पट्टी वापरत, पुढे पातळ पट्टी वापरत आणि या वेगवेगळ्या गुंडाळ्या टोकाला टोक लावून जोडत. लय बदलते ती बहुधा त्या जोडाची जागा असते. दोन्ही नळ्यांवर ती साधारण सारख्याच अंतरावर असेल तर शंका घेण्याचे कारण नाही.

तीन सळया, नियमित वेटोळी, दस्त्याखालीही तीच वीण: माझ्या मते ही तीन सळयांची ‘क्रोले’ दमास्कस आहे. क्रोले हा लिएजच्या परिसरातला सर्वांत प्रचलित नमुना.

जुनीनळी

मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. रिबवर लॅमिनेटेड असे कोरलेले आहे, तर ते सरसकट खोटे ठरवण्याआधी लॅमिनेटेड म्हणजे काय हे पाहायला हवे. उत्तम इंग्लिश लॅमिनेटेड नळ्याही पीळ दिलेल्या सळयांच्याच असत. फरक मालाचा होता: त्यात पोलादाचे प्रमाण लोखंडापेक्षा बरेच जास्त असे, आणि सळई ओढण्यापूर्वी तो माल पुन्हा पुन्हा ठोकून, दुमडून, एकत्र करून घेतलेला असे. त्यामुळे थर सरळ राहत नसत. ही कनिष्ठ प्रतीची नळी नव्हे. बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसमध्ये (जिथे नळ्या जादा दारूने उडवून तपासत आणि त्यांवर ठसा मारत) १९ व्या शतकाच्या अखेरीस अनेक प्रकारच्या नळ्यांची वाढत्या दाबाखाली तुलना झाली, तेव्हा यंत्रावर घडवलेल्या तीन सळयांच्या इंग्लिश लॅमिनेटेड नळीने पहिला क्रमांक मिळवला होता, आणि त्या चाचणीत एकसंध ओतीव पोलादाच्या नळ्याही होत्या.

म्हणजे सळया तीन आहेत एवढ्यावरून लॅमिनेटेड बाद होत नाही.

ऐरणघाव

हा आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या मते या धाग्यातला सर्वांत उपयोगी मुद्दा हाच आहे. सळयांची संख्या दोन्हींत सारखी असू शकते. वेगळेपण असते ते पुनरावृत्तीत.

दमास्कसच्या गठ्ठ्यात पट्ट्या मोजून, ठरावीक जाडीच्या, ठरावीक क्रमाने लावलेल्या असतात. म्हणून एका ओळीतले एक वेटोळे पाहून पुढचे कसे असेल हे आधी सांगता येते. प्रत्येक वेटोळ्यात फिकट आणि गडद रेघा जवळपास सारख्या जाडीच्या आणि संख्येनेही सारख्या असतात. लॅमिनेटेडमध्ये थर दुमडले गेलेले, दबलेले, कुठे जाड तर कुठे विरून गेलेले असतात. पीळ आहे हे कळते, पण आत जी आकृती उमटते ती दर वेळी वेगळी असते. रेघा नागमोडी जाऊन मध्येच तुटतात, आणि एकूण रूप फिकट रंगाकडे झुकते.

कोणता रंग लोखंडाचा आणि कोणता पोलादाचा, या वादात नवशिक्यांनी पडू नये असे मला वाटते. आम्लाने खाऊन काढलेल्या आणि गंज चढवून काढलेल्या नक्षीत छटा सारख्या येत नाहीत. आकृतीवर भरवसा ठेवावा.

रेघोटी, दस्त्याखालच्या स्वच्छ भागात एकाच ओळीतली पाच-सहा सलग वेटोळी पाहा आणि त्यातल्या फिकट रेघा मोजा.

रेघोटी

सलग सहा वेटोळी पाहिली. प्रत्येकात फिकट रेघा तेवढ्याच आहेत, आणि जाडीतला फरक भिंगातूनही जाणवत नाही. एका वेटोळ्याच्या मध्यभागी बारीक राखाडी ठिपका आहे, बाकी सर्व जणू साच्यातून काढल्यासारखे आहे.

जुनीनळी

मग माझा विरोध मागे घेतो, ही दमास्कसच. राखाडी ठिपक्यांना इंग्रज कारागीर ‘ग्रे’ म्हणत. जोडात अडकलेल्या लोखंडाच्या मळीच्या (कीटाच्या) कणांमुळे ते दिसतात आणि या पद्धतीने घडवलेल्या नळ्यांवर सर्रास आढळतात. गंजाचे खड्डे वेगळे: ते बोटाला किंवा सुईच्या टोकाला लागतात.

शंकेखोर

‘साच्यातून काढल्यासारखे’ हे वाचून मला काळजी वाटली. दमास्कसला मागणी होती त्या काळात साध्या नळ्यांवर नक्षी उठवून विकण्याचा धंदाही जोरात होता. नक्षी छापलेला कागद नळीवर गुंडाळून त्याआडून आम्लाने आकृती खाल्लेल्या नळ्या आजही सापडतात. नियमितपणा हाच खरेपणाचा पुरावा मानला तर या नकली नळ्या आधी उत्तीर्ण होतील.

भिंगवाला

शंका योग्य आहे, पण नकली नक्षीचा नियमितपणा वेगळ्या जातीचा असतो. कागदावरची आकृती मागच्या टोकापासून तोंडापर्यंत एकाच मापाची राहते, कारण तिला जाड पट्टी आणि पातळ पट्टी यांची खबर नसते. खऱ्या नळीत वेटोळी तोंडाकडे लहान होतात, ओळींचा तिरपेपणा बदलतो आणि सांध्याची रेघ वेढा घेत पूर्ण नळीभर जाते. नकली नळीवर सांधा सापडलाच तर तो लांबीच्या दिशेने सरळ जाणारा असतो, जिथे कागदाच्या दोन कडा भेटल्या होत्या. शिवाय दस्त्याखाली, मागच्या सपाट भागांवर आणि रिबच्या कडेला लागून असलेल्या खाचेत कागद नीट बसत नाही. तिथे नक्षी पुसट होते किंवा संपते. रेघोटींच्या नळीची वीण दस्त्याखालीही तशीच आहे आणि पुढे लहान होत जाते, त्यामुळे मला तरी शंका उरलेली नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी. मागच्या टोकापासून थोड्या अंतरावर नळीभोवती पूर्ण गोल, काटकोनातली रेघ दिसली आणि तिच्या पुढे नक्षी नसली, तर मूळ नळी कापून मागच्या तुकड्यात नवी पोलादी नळी बसवलेली असते. ब्रिटिश प्रूफच्या नियमांप्रमाणे अशा नळीवर ‘स्लीव्ह्ड’ असा ठसा असतो.

कुतूहल

अवांतर वाटल्यास क्षमस्व. तलवारींच्या पात्यांवर जे दमास्कस पोलाद सांगतात तेच हे का?

ऐरणघाव

नाही. त्या पात्यांचे पोलाद, म्हणजे वूट्झ, मुशीत वितळवून केलेल्या एकाच लगडीतून येते आणि त्यावरची लाटांसारखी नक्षी थंड होताना बनलेल्या कार्बाइडच्या (लोखंड आणि कार्बन यांच्या संयुगाच्या) रांगांमुळे उमटते. त्यात पट्ट्यांचा सांधा नसतो. शॉटगनची नळी वेगवेगळे धातू ठोकून जोडलेली असते. नाव एक, प्रक्रिया दोन.

ठसेपाहणारा

ठशांबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून लिहितो. लंबगोलातली ती तीन अक्षरे लिएजच्या प्रूफ हाऊसची. १८९३ पासून त्या लंबगोलावर मुकुट येतो, आणि आपल्या नळीवर तो नाही. स्तंभासारखी खूण म्हणजे लिएज शहराचे प्रतीक असलेला स्तंभ, ‘पेरों’, जो १८५३ पासून ठशांत आहे. सुट्या अक्षरावरचा छोटा मुकुट ही तपासनिसाची खूण. तिच्यावर मुकुट चढला तो १८७७ पासून. म्हणजे ही नळी १८७७ ते १८९३ या काळात प्रूफ झाली.

ठसा नळी कुठे तपासली हे सांगतो, कुठे घडली हे नेहमीच सांगतो असे नाही. लिएज परिसरात घडलेल्या कच्च्या नळ्या बाहेर मोठ्या प्रमाणावर जात. अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित दोननळी बंदुकांवरच्या दमास्कस नळ्या बेल्जियममधूनच आलेल्या होत्या, आणि इंग्लंडमधल्या अनेक बंदुकांवरही बर्मिंगहॅमचा ठसा आणि बेल्जियन नळी असे मिश्रण सापडते. १९०४ पूर्वीचा बर्मिंगहॅमचा ठसा मुकुटाखाली दोन आडवे-तिडवे राजदंड असा असतो.

रिबवरच्या अक्षरांना तर मी सर्वांत कमी महत्त्व देतो. निर्यातीसाठी काढलेल्या स्वस्त बंदुकांवर विकणाऱ्याला जे शब्द खपतील ते कोरले जात. इंग्लिश लॅमिनेटेडचे नाव झालेले होते, म्हणून बेल्जियन नळीवर ते शब्द आले. ‘फाइन ट्विस्ट’ असे लिहिलेल्या नळीवर दोन सळयांची दमास्कसही मी पाहिली आहे, म्हणजे चूक नेहमी फुगवण्याच्याच दिशेने होत असे असेही नाही.

कुतूहल

तीन सळयांऐवजी चार किंवा सहा असतील तर नळी अधिक मजबूत असते का?

जुनीनळी

सळया वाढल्या की काम बारीक होते, मेहनत वाढते आणि त्या काळी किंमतही वाढत असे. ताकदीचा तसा सरळ हिशेब नाही. वर सांगितलेल्या चाचणीत पहिली आलेली नळी तीन सळयांचीच होती. ताकद ठरते ती जोड किती स्वच्छ बसले आहेत, भिंत आज किती जाड उरली आहे आणि आतून गंजाने किती खाल्ले आहे यांवर.

यातले काहीही नक्षी पाहून कळत नाही, आणि म्हणून नक्षी सुंदर आहे या कारणाने अशी बंदूक कोणीही उडवू नये. या नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी तपासलेल्या असतात. १८९३ पूर्वीच्या ठशात धूरविरहित दारूची हमी नाही. त्या काळच्या अनेक बंदुकांचे चेंबरही (नळीतली काडतूस बसण्याची जागा) आजच्या काडतुसापेक्षा आखूड असतात. नळीची जाडी मोजणारी साधने असलेल्या जाणकाराने तपासून, पुन्हा प्रूफ करून घेतल्याशिवाय ती केवळ अभ्यासाची वस्तू समजावी.

रेघोटी

उडवण्याचा विचारही नाही. मात्र रंग उडालेल्या भागावरची नक्षी पुन्हा उठवावी का, हा प्रश्न मनात आहे. फेरिक क्लोराइड वापरून ती लगेच दिसू लागते असे वाचले.

ऐरणघाव

दिसते, पण मूळ पृष्ठभागाचा काही अंश त्यात कायमचा जातो, आणि आधी पॉलिश पेपर फिरवला असेल तर ठशांच्या कडाही जातात. आपल्याकडे दस्त्याखाली मूळ रंगासह शाबूत नक्षी आहे; ओळख पटवण्यासाठी तेवढी पुरेशी आहे. बाकी भाग स्वच्छ करून तेल लावून ठेवावा.

कधी पुन्हा रंग चढवायचाच झाला तर तो जुन्याच पद्धतीने, म्हणजे सावकाश गंज चढवून, उकळत्या पाण्यातून काढून आणि तारेच्या मऊ ब्रशने घासून, अनेक फेऱ्यांत चढवणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावा. आजच्या बंदुकांना काळानिळा रंग देण्यासाठी वापरतात त्या उकळत्या कॉस्टिक क्षारांच्या द्रावणात ही नळी कदापि जाऊ देऊ नये. जुन्या दोननळीची रिब मऊ डाखाने बसवलेली असते. ते द्रावण डाख खाते, फटींत शिरून बसते आणि रिब सुटते.

रेघोटी

समजले, रंगाला हात लावणार नाही. नोंदीत असे लिहीत आहे: ‘१२ बोअर, बाहेरचे घोडे, तीन सळयांची क्रोले दमास्कस, लिएज प्रूफ १८७७ ते १८९३, दस्त्याखाली मूळ रंग शिल्लक.’ रिबवरची अक्षरे चुकीची ठरल्यामुळे गाळत आहे.

ठसेपाहणारा

गाळू नका. ती अवतरणचिन्हांत जशीच्या तशी लिहा, आणि पुढे ‘कोरीव मजकूर, नळीच्या प्रकाराशी जुळत नाही’ असे नमूद करा. असेच शब्द, असेच अक्षरवळण दुसऱ्या एखाद्या बेल्जियन नळीवर सापडले तर दोन्ही बंदुका एकाच व्यापाऱ्यासाठी निघाल्या होत्या का, याचा शोध घेण्यासाठी पुढच्या अभ्यासकाकडे तेवढा एकच धागा असेल. रिब थोडीही हलत असेल तर तिच्या कडेची फट भिंगाने पाहून घ्या. नळी घडवणाऱ्याची आद्याक्षरे पुष्कळदा नळ्यांच्या खालच्या बाजूला, दस्त्याने झाकलेल्या भागात, अगदी बारीक ठशात असतात.

रेघोटी

रिब घट्ट आहे. दस्त्याखाली डाव्या नळीवर दोन अक्षरांचा एक अर्धवट ठसा आहे. दुसरे अक्षर ‘एच’ वाटते, पहिले वाचता येत नाही. उद्या तिरप्या उजेडात छायाचित्र काढून इथेच जोडतो.